हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सोपे’ म्हणजे नेमके कोणासाठी सोपे?

कोरी_चौकट

मोठ्या संस्थांच्या वित्त विभागात जे सॉफ्टवेअर दिवसभर उघडे असते, त्याच्या वापरकर्ता संशोधनाचे आणि स्क्रीनच्या रचनेचे काम मी गेली नऊ वर्षे करतो आहे. हा धागा काढण्याचे कारण एक फसलेले काम आहे. ते का फसले हे मला बरेच उशिरा कळले, आणि अजूनही ते पुरते कळले आहे असे वाटत नाही.

जर्नल नोंदी, म्हणजे व्यवहारांच्या मूळ हिशेबी नोंदी, भरण्याची एक जुनी स्क्रीन आम्हाला नव्याने करायची होती. तिच्यावर एका वेळी चाळीस ओळी दिसत, अक्षर बारीक होते, रकान्यांची नावे तुटक होती आणि वरच्या पट्टीत बटणांची गर्दी होती. आम्ही ओळींची उंची वाढवली, कमी वापराची बटणे एका मेन्यूत टाकली आणि नोंद भरण्याचे काम तीन पायऱ्यांत विभागले. आता एका वेळी बारा ओळी दिसू लागल्या. आठ जणांना बसवून चाचणी घेतली, आणि आठही जणांनी दिलेली कामे न अडखळता पूर्ण केली. शेवटी एसयूएस ही वापरसुलभता मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली आमच्या क्षेत्रात सर्रास वापरतात आणि तिच्यात १०० पैकी ६८ च्या आसपासचा गुण सरासरी समजला जातो. आमचा गुण त्याच्या बराच वर होता.

स्क्रीन वापरात आली आणि पहिल्याच महिनाअखेरीला तक्रारींची रीघ लागली. एका ग्राहक संस्थेने मला त्यांच्या लेखा विभागात दोन दिवस बसू दिले, तेव्हा मी एका अनुभवी लेखापाल बाईंच्या मागे खुर्ची टाकून नुसते पाहत राहिलो. त्यांच्या एका मॉनिटरवर आमची नवी स्क्रीन होती आणि दुसऱ्यावर एक्सेल. संपूर्ण नोंद त्या एक्सेलमध्ये तयार करत, तिथेच नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजूंची बेरीज जुळवत आणि मग ओळी आमच्या स्क्रीनवर चिकटवत. ओळी होत्या एकशे ऐंशीच्या घरात. खाली सरकत गेले की आमची बेरीज स्क्रीनबाहेर निघून जाई, म्हणून त्यांनी ती पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती. चिठ्ठी कशाला, असे मी विचारले, तेव्हा मागे न वळता त्या म्हणाल्या, “तुमची बेरीज दिसत नाही ना, म्हणून.”

आमच्या चाचणीतली नोंद चार ओळींची होती.

तेव्हापासून मला पडलेला प्रश्न असा आहे की, या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सोपे’ हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो, आणि तो अर्थ ठरवण्यासाठी संशोधन कधी, कोणासोबत आणि कशावर करायचे? प्रत्यक्ष हिशेब सांभाळणाऱ्यांनी लिहिले तर जास्त आनंद होईल.

तेरीज_जुळेना

मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे. सतरा वर्षे लेखा विभागात काढली आहेत, आणि त्यातली शेवटची सहा महिनाअखेरीचे हिशेब बंद करण्याची जबाबदारी सांभाळण्यात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी एका वाक्यात देऊ शकते, पण त्या वाक्याचा अर्थ सांगायला थोडी जागा लागेल.

आमच्यासाठी सोपे म्हणजे, कोणीही एखाद्या आकड्यावर बोट ठेवून “हा कुठून आला?” असे विचारले की खुर्चीवरून न उठता उत्तर देता येणे.

महिनाअखेरीला नोंदी भरणे हा कामाचा लहान भाग असतो. मोठा भाग शोधण्याचा असतो. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाकींचा ताळा, जुळली तरी सुटका नसते, कारण रक्कम चुकीच्या खात्यात गेली, किंवा नोंदच करायची राहिली, तरी तेरीज बिनबोभाट जुळते. म्हणून खर्चाचे एखादे खाते गेल्या महिन्यापेक्षा खूप वर गेलेले दिसले की मी त्या आकड्यावरून खतावणीत, म्हणजे खातेनिहाय वहीत, उतरते, खतावणीतून नोंदीत, नोंदीतून व्हाउचरवर आणि व्हाउचरवरून बीजकाच्या स्कॅन केलेल्या प्रतीवर. हा उतार बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आता बरा असतो. परत वर चढताना मात्र घात होतो. मी तारीख, विभाग, खातेगट आणि चलन असे चार निकष लावून तीनशे ओळींच्या यादीत एकशे चाळिसाव्या ओळीवर पोहोचलेली असते. तिथून बीजक पाहून ‘मागे’ दाबले की चारही निकष पुसलेले आणि मी पहिल्या ओळीवर. एका संध्याकाळी हे साठ वेळा झाले की माणूस काय करेल? सगळे एक्सेलमध्ये काढून घेईल. तुमच्या त्या बाईंनी तेच केले होते.

दुसरी गोष्ट चाचणीतल्या डेटाविषयी आहे. मला दोन-तीन वेळा अशा चाचण्यांना बोलावले गेले आहे. स्क्रीनवर पुरवठादाराचे नाव ‘टेस्ट पुरवठादार’, रक्कम दहा हजार, कर शून्य, आणि खालची बेरीज वरच्या ओळींशी न जुळणारी. संशोधक मला बटणाच्या रंगाबद्दल विचारत होते, आणि माझे सगळे लक्ष त्या न जुळणाऱ्या बेरजेवर होते. आमचे डोळे वर्षानुवर्षे एकाच कामाला लावलेले आहेत. चुकलेली बेरीज समोर ठेवून रचनेबद्दल मत विचारणे म्हणजे पोहणाऱ्याला कोरड्या विहिरीत उतरवण्यासारखे आहे.

रात्रपाळी

मी अशा सॉफ्टवेअरचा विकासक आहे. धागाकर्त्यांनी स्वतःवर जरा जास्तच दोष घेतला आहे असे माझे मत आहे, पण त्यांच्या अनुभवाला एक जुना दाखला जोडतो.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या नायनेक्स या दूरध्वनी कंपनीत ऑपरेटरांसाठी नवी संगणकस्थानके आणायची होती. नवी रचना आधुनिक होती आणि तिच्यात कळा कमी दाबाव्या लागत होत्या, त्यामुळे ती जलद ठरेल असा सर्वांचा समज होता. संशोधकांनी प्रत्येक कॉलमधल्या कृतींचे बारीक प्रतिमान बांधले आणि नवे स्थानक उलट संथ ठरेल असे भाकीत केले. प्रत्यक्ष मोजमापातही ते सुमारे ४ टक्क्यांनी संथ निघाले. कारण मजेशीर होते. जुन्या यंत्रावर ऑपरेटर बऱ्याच कळा ग्राहक बोलत असतानाच दाबून घेत, म्हणजे त्या कळांना वेगळा वेळ लागतच नव्हता. नव्या रचनेत वाचलेल्या कळा नेमक्या त्या रिकाम्या वेळातल्या होत्या, आणि कॉलच्या शेवटी, जिथे सगळे खोळंबलेले असते तिथे, एक कळ वाढली होती.

आमच्याकडे नेमके हेच होते. टॅब, टॅब, रक्कम, एंटर अशा लयीत डोळे कागदावर ठेवून नोंद करणाऱ्या माणसासाठी आपण एक सुंदर यादी उघडतो आणि तिला माउसने निवडायला लावतो. त्यातच प्रत्येक ओळीला सर्व्हरवरून तपासणी चालते आणि कर्सर पाव सेकंद थबकतो. एका ओळीला पाव सेकंद काहीच नाही, पण थबकलेल्या कर्सरमुळे पुढचे दोन अंक गिळले गेले तर त्या माणसाचा स्क्रीनवरचा विश्वास उडतो. मग तो प्रत्येक ओळीनंतर मान वर करून पाहू लागतो, आणि खरा वेळ तिथे जातो.

तरीही माझा एक आक्षेप आहे. दाट स्क्रीन म्हणजे तज्ज्ञांची स्क्रीन असे समीकरण आपण फार लवकर मांडतो. लेखा विभागात दरवर्षी नवी माणसे येतात. सतरा वर्षांच्या अनुभवी व्यक्तीला जे डोळे मिटून जमते, त्यावरून सगळी रचना ठरवली तर नव्याने आलेल्या माणसाने कुठे जायचे?

तेरीज_जुळेना

रात्रपाळी, नवा माणूस नवा फार तर तीन महिने असतो, आणि त्या काळात त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेले असते. त्यानंतरची दहा वर्षे तो जुना असतो. रचना कोणत्या काळासाठी करायची, हे तुम्हीच ठरवा.

लाल_शाई

अंतर्गत लेखापरीक्षणाच्या बाजूने थोडे लिहितो. वेगाची चर्चा चालू आहे ती योग्यच आहे, पण वित्तीय सॉफ्टवेअरमध्ये रचनेची खरी परीक्षा चूक होण्याच्या क्षणी होते. तिथे आपण सगळे एकाच जुन्या औषधावर विसंबून असतो, ते म्हणजे ‘तुमची खात्री आहे का?’ असे विचारणारी खिडकी.

८ डिसेंबर २००५ रोजी टोकियो शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीजच्या एका व्यवहारकर्त्याला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. त्याने ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनला विकायला काढले. कंपनीचे एकूण शेअरच १४,५०० होते, म्हणजे ही विक्री वास्तवात अशक्य होती. स्क्रीनवर इशारा आला होता, आणि तो ओलांडला गेला. पुढे चूक लक्षात आल्यावर विक्रीची ऑर्डर रद्द करण्याचा प्रयत्न बाजाराच्या प्रणालीतल्या दोषामुळे फसला आणि तोटा ४० अब्ज येनच्या घरात गेला. इशारा दुर्लक्षिला म्हणून त्या व्यवहारकर्त्याला दोष देणे सोपे आहे. पण दिवसातून वीस वेळा निरर्थक कारणासाठी जो इशारा येतो, तो एकविसाव्या वेळी खरा असला तरी बोट सवयीने ‘होय’ वरच जाते.

१ ऑगस्ट २०१२ चे नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचे प्रकरण याच जातीचे आहे. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम पोहोचला नव्हता. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांना दोष दर्शवणारे ९७ ईमेल पाठवले होते. ते धोक्याचे इशारे म्हणून रचलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांवर कोणी काही केले नाही. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर गेले. हे प्रकरण प्रोग्रॅमिंगच्या चुकीचे म्हणून शिकवले जाते. मला मात्र त्यात एक न झालेली रचना दिसते, कारण माहिती हजर होती आणि ती कोणाला, कोणत्या रूपात आणि किती मोठ्या आवाजात सांगायची हे कोणी ठरवलेच नव्हते.

कोरी_चौकट

लाल_शाई, मनापासून आभार. यावर एक उपप्रश्न विचारतो. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही मेकर-चेकर पद्धत तर आपल्याकडे सर्वत्र असते. इशाऱ्याऐवजी दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांवर भर द्यावा का?

लाल_शाई

दुसरा माणूस काय पाहतो, यावर ते अवलंबून आहे. सिटी बँकेचे ११ ऑगस्ट २०२० चे प्रकरण या धाग्यावर कोणीतरी काढणारच होते, तर मीच सविस्तर लिहितो, कारण वृत्तांमध्ये ते ‘चुकून पैसे पाठवले’ एवढ्यावरच संपते.

रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज कर्जदात्यांना द्यायचे होते. फ्लेक्सक्यूब या सॉफ्टवेअरमध्ये हा व्यवहार सरळ करता येत नव्हता. त्यासाठी सगळे कर्ज फेडले जात आहे असे प्रणालीला भासवायचे आणि मुद्दलाची रक्कम बँकेच्याच एका अंतर्गत खात्याकडे वळवायची, असा आडमार्ग होता. ती वळवण्यासाठी ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ अशा तीन चौकटींत ते अंतर्गत खाते भरणे आवश्यक होते. नोंद करणाऱ्याने ते फक्त ‘प्रिन्सिपल’मध्ये भरले. मुद्दल वळवायचे आहे, आणि चौकटीचे नावच मुद्दल आहे, मग आणखी काय हवे? त्याच्यावर आणखी दोघांनी तपासणी केली, म्हणजे तीन माणसांचे सहा डोळे, आणि तिघांचाही समज एकच होता. जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले.

आता इशाऱ्याकडे पाहा. मंजुरीपूर्वी प्रणालीने सांगितले होते की निधी बँकेबाहेर जाणार आहे, पुढे जायचे का? या वाक्यात रक्कम नव्हती. व्याज तर बाहेर जाणारच होते, म्हणजे इशारा खरा होता आणि अपेक्षितही होता. तिसऱ्या माणसाने तो न वाचता ‘होय’ म्हटले असेल, तर त्याने वाचल्यावरही तेच करायला हवे होते! त्याच वाक्यात किती रक्कम कोणाकोणाला जाणार, एवढे दोन आकडे असते तर मान वर झाली असती असे मला वाटते.

सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला कर्जदात्यांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने आधी त्यांच्याच बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. दोन वर्षे वकिलांनी ज्यावर वाद घातला, त्याच्या मुळाशी तीन चौकटींची नावे होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दुसऱ्या माणसाला पहिल्याचीच स्क्रीन दाखवली तर तो दुसरा माणूस नसतो. तो पहिल्याचीच चूक दुसऱ्यांदा वाचतो. मंजुरीच्या स्क्रीनवर भरलेल्या चौकटी न दाखवता परिणाम दाखवावा. कोणत्या खात्यातून किती जाईल, त्यानंतर त्या खात्याची शिल्लक काय राहील, आणि गेल्या तीन वेळी हाच व्यवहार किती रकमेचा होता, हे तिथे हवे.

उजवी_बाजू

मी दृश्यरचना करते, त्यामुळे फक्त अंकांपुरते लिहिते. ज्या फाँटमध्ये १ आणि ८ यांची रुंदी वेगळी असते, तो रकान्यात वापरू नये. सर्व अंक समान रुंदीचे हवेत आणि उजवीकडे जुळलेले हवेत, म्हणजे मोठी रक्कम वाचण्याआधीच लांबीवरून कळते. ऋण रक्कम केवळ लाल रंगाने दाखवू नये, कंस किंवा वजाचे चिन्ह हवेच, कारण रंगांधळेपणा पुरुषांमध्ये अजिबात दुर्मीळ नाही आणि छापील अहवाल अनेकदा काळ्या शाईतच निघतो.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः ठेच खाल्ली आहे. सर्व रकमांना दोन दशांश स्थळे असतात असे गृहीत धरून मी एक आखीव रकाना तयार केला. चलनांच्या आयएसओ ४२१७ या मानकात येनला एकही दशांश स्थळ नाही आणि कुवेती दिनारला तीन आहेत. त्याशिवाय काही देशांत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, म्हणजे १.२३४ हा आकडा एकाला एक हजार दोनशे चौतीस वाटतो आणि दुसऱ्याला सव्वाच्याही आत. एक्सेलमधून चिकटवलेला आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे सॉफ्टवेअरने परस्पर ठरवू नये. पहिल्या ओळीचा लावलेला अर्थ दाखवावा आणि एकदाच विचारावे.

फुगलेला_आराखडा

सगळी चर्चा उत्तम आहे, पण मी उत्पादन व्यवस्थापक म्हणून थोडा कडू घोट पाजतो. या सॉफ्टवेअरची खरेदी करणारा माणूस ते वापरत नाही. तो दीड तासाचे प्रात्यक्षिक पाहतो, आणि त्यात मोकळी, टापटीप, आलेखांनी सजलेली पहिली स्क्रीन भाव खाऊन जाते. ‘मागे’ दाबल्यावर निकष टिकतात, हे प्रात्यक्षिकात कोणालाही दिसत नाही. धागाकर्त्यांच्या बारा ओळींच्या स्क्रीनमुळे विक्री वाढली असण्याचीही शक्यता आहे.

शिवाय संशोधनासाठी वापरकर्ते मिळतात कुठे? आमच्या आणि वापरणाऱ्यांच्या मध्ये विक्री विभाग, अंमलबजावणी करणारे सल्लागार आणि ग्राहकाचा माहिती-तंत्रज्ञान विभाग अशा तीन भिंती असतात. गोपनीयतेच्या करारामुळे स्क्रीन रेकॉर्ड करता येत नाही. सल्लागार ग्राहकाच्या सांगण्यावरून रकाने वाढवतात, नावे बदलतात, आणि आपण आखलेली स्क्रीन त्या रूपात कुठेच अस्तित्वात नसते.

कोरी_चौकट

फुगलेला_आराखडा, तुमच्या अंदाजाबद्दल सांगायचे तर विक्री खरोखरच वाढली होती, आणि म्हणूनच ती स्क्रीन बदलून घ्यायला मला वर्षभर भांडावे लागले. पण तीन भिंतींबद्दल थोडा वेगळा अनुभव आहे, तो मांडतो.

पाच जणांसोबत चाचणी घेतली की बहुतेक अडचणी सापडतात, हे वाक्य आमच्या क्षेत्रात मंत्रासारखे म्हटले जाते. नील्सन आणि लँडॉवर या संशोधकांच्या १९९३ च्या गणितावर ते आधारलेले आहे, आणि त्यात गृहीत असे की एक वापरकर्ता साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो. आमच्याकडे देणी सांभाळणारा, बँक जुळवणी करणारा, स्थिर मालमत्ता पाहणारा आणि मंजुरी देणारा हे चौघे एकाच स्क्रीनवर चार निरनिराळी कामे करतात. त्यांच्यातून मिळून पाच जण निवडले, तर प्रत्येक भूमिकेला जेमतेम एक माणूस येतो. म्हणून मी संख्या मोजणे सोडले आणि वेळ निवडू लागलो. महिन्याच्या मध्यावर घेतलेल्या मुलाखतीत लोक त्यांचे काम जसे असायला हवे तसे सांगतात. हिशेब बंद करण्याच्या दिवशी शेजारी बसले तर ते जसे आहे तसे दिसते. त्या दिवशी प्रश्न विचारायचे नाहीत, हे पथ्य मी कसोशीने पाळतो. वहीत वेळ आणि घटना लिहितो, आणि दहा दिवसांनी तीच वही घेऊन परत जातो. स्क्रीन रेकॉर्ड करायला मनाई असली तरी वहीत आकडे सोडून बाकी सगळे लिहायला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

दुसरे साधन आमच्याच सर्व्हरवर पडून होते. ‘एक्सेलमध्ये काढा’ हे बटण कोणत्या स्क्रीनवरून, कोणत्या तारखांना आणि कोणते निकष लावून दाबले जाते, याची नोंद आम्ही तपासली. पूर्वी आमच्या बैठकांत हे बटण म्हणजे नामुष्की समजली जाई, आणि ते काढून टाकण्याचाही एक प्रस्ताव होता. प्रत्यक्षात ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय नाही याची आयती यादी होती. एका स्क्रीनवरून लोक दोन महिन्यांचे आकडे स्वतंत्रपणे काढून बाहेर शेजारी-शेजारी ठेवत होते. गेल्या महिन्याचा रकाना आम्ही तिथेच दिला आणि त्या स्क्रीनवरची निर्यात जवळपास थांबली. काही ठिकाणी मात्र ती थांबवण्याचा हट्ट आम्ही धरला नाही, कारण तरतुदींची आकडेमोड, अंदाज, ‘असे केले तर’ प्रकारचे विचार यांना मोकळा कागद लागतो आणि तो एक्सेलच देते.

रात्रपाळी

त्या मोकळ्या कागदाची किंमतही लक्षात ठेवावी. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेला २०१२ मध्ये ज्या प्रकरणात सुमारे ६.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला, त्यात जोखीम मोजण्याचे प्रतिमान एक्सेलच्या अनेक पत्रकांवर चालत होते आणि आकडे हाताने एकातून दुसऱ्यात चिकटवले जात होते. एका सूत्रात सरासरीने भागायचे तिथे बेरजेने भागले गेले आणि जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसली. निर्यात खुली ठेवा, पण बाहेर गेलेल्या पत्रकावर ते कधी, कोणी, कोणत्या निकषांवर काढले हे छापलेले असू द्या. तेरीज_जुळेना यांच्या “हा कुठून आला?” या प्रश्नाला पत्रकानेही उत्तर दिले पाहिजे.

तेरीज_जुळेना

हे लाख बोललात. माझ्या संगणकावर ‘अंतिम’, ‘अंतिम२’ आणि ‘अंतिम_खरे’ अशा नावांची पत्रके आहेत, आणि त्यांतले खरे कोणते हे फक्त मला माहीत आहे. मी रजेवर गेले तर कोणालाच माहीत नसेल.

आणखी एक गोष्ट राहिली होती. खतावणीत चढलेली नोंद आम्ही पुसत नाही, तिची उलट नोंद करतो, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही कायम दिसतात. पण खतावणीत चढण्याआधीची, कच्ची, अर्धवट नोंद पुसता, बदलता, बाजूला ठेवता आली पाहिजे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये या दोन अवस्थांची स्क्रीन एकसारखीच दिसते, आणि माणूस कच्च्या नोंदीत घाबरतो व पक्क्या नोंदीत बिनधास्त वागतो. त्यातच सुरक्षेच्या नावाखाली पंधरा मिनिटे कळ दाबली नाही की प्रणाली बाहेर काढते. मी फोनवर विभागप्रमुखांशी त्याच नोंदीबद्दल बोलत असते, आणि परत येते तर ऐंशी ओळी गायब! बाहेर काढायला माझी हरकत नाही, पण परत आल्यावर ओळी जागेवर असाव्यात.

लाल_शाई

कच्च्या आणि पक्क्या नोंदीच्या मुद्द्याला लेखापरीक्षणाकडून शंभर टक्के पाठिंबा. फक्त कच्ची नोंद आपोआप जपताना तिचा मालक कोण आणि ती शेवटची कोणी हाताळली हे विसरू नका. भरणाऱ्याच्या रजेत दुसऱ्याने ती पुरी केली आणि मंजूरही त्यानेच केली, तर मेकर-चेकर कागदावरच उरतो. हा प्रकार मी पाहिला आहे, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

कोरी_चौकट

सर्वांचे आभार. त्या स्क्रीनचे पुढे काय झाले ते सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. आता नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा आणि त्यांतला फरक ओळींच्या वर, न हलणाऱ्या पट्टीत असतो. ओळींची दाटी वापरणाऱ्याला ठरवता येते, आणि बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांत दाट पर्याय निवडला. एक्सेलमधून कितीही ओळी चिकटवता येतात आणि तपासणी सगळ्यांची मिळून एकदम, मागच्या मागे होते. अर्धवट ओळ लाल करणे आम्ही बंद केले, कारण भरत असलेली चौकट ही चूक नव्हे. पंधरा मिनिटांनी बाहेर काढण्याचा नियम आमच्या हातात नाही, पण ओळी जपण्याचे काम पुढच्या आवृत्तीत घेतो आहे, आणि लाल_शाई यांची सूचना त्यात जोडतो.

मंजुरीची स्क्रीन मात्र अजून जुनीच आहे. भरलेल्या चौकटींऐवजी परिणाम दाखवण्याचा एक कच्चा आराखडा केला आहे. तेरीज_जुळेना, त्याच्या चाचणीसाठी पुढच्या महिन्यात दोन तास देऊ शकाल का?

तेरीज_जुळेना

देईन, पण पहिल्या सात तारखा सोडून. आणि नमुन्याच्या डेटाची तेरीज आधी जुळवून आणा, एकशे ऐंशी ओळींची.